बिरूने माणसात आणलेला वेळ

बिरू गेल्याचं सुनंदावहिनींनी, त्याच्या बायकोने, फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्याच्या ऑफिसात होतो. आधी दुःख झालं नाही... आता आपल्याला जाब विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं. हे कबूल करायलाच मला पाच आठवडे लागले.

सांगलीला विश्रामबागेतल्या एका छोट्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. काळ्या पडद्यावर डेटाबेसला प्रश्न टाकला की उत्तराखाली लागलेला वेळ यायचा, तोही मिलिसेकंदांत: ५४३२१००. बिरू वैतागायचा. "गड्या, उद्या हेच काम लावून चहाला जायचं का जेवून यायचं, काय कळंना!" कवठे महांकाळकडे मेंढरं राखणारा त्याचा बाप सावली बघून वेळ सांगायचा. "बा कवा म्हणला न्हाई, चोपन्न लाख झालं म्हणून!" चार रविवार खपून बिरूने तोच आकडा '१ तास ३० मिनिटं ३२ सेकंद' असा दिसेल अशी सुधारणा केली. ज्या प्रोग्रॅममधून आम्ही प्रश्न टाकायचो, ते साधन सगळ्यांना खुलं होतं. जगभरातून कुणीही सुधारणा पाठवायची, पसंत पडली तर ती करणाऱ्याच्या नावासकट घेतली जायची. "इंग्रजी पत्र तू लिव्ह रं, मला हसतील," तो म्हणाला.

मी लिहिलं, आणि खाली माझं नाव घातलं. चुकून नाही. त्याचं नाव आधी टाइप केलं होतं, ते पुसलं.

सुधारणा घेतली गेली. तिच्या जोरावर मला साताऱ्याची नोकरी मिळाली. जाताना बिरूने विचारलं, "माझं नाव कुटं दिसंना रं?"

"पाठवणाऱ्याचंच पडतं," मी म्हणालो.

"व्हय?" तो माझ्याकडे बघत राहिला. "असू दे मग..."

त्यानंतर तो फोनवर पावसाचं बोलायचा, पोरीच्या शाळेचं बोलायचा. त्याबद्दल कधीच नाही. त्याला पटलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाटातून घडी घातलेला कागद काढून दिला. बिरूच्या अक्षरात, मोडक्या इंग्रजीत, त्या साधनाच्या लोकांना पत्र होतं: काम माझं आहे, माझं नाव घालावं, मित्राचंही राहू द्यावं.

"मी म्हणायची, आवं, पाठवा की," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणायचे, तो सांगंल. कवा ना कवा आपणहून सांगंल."

परत आल्यावर मी ते पत्र एकही शब्द न बदलता टाइप केलं. फक्त मित्राबद्दलची ओळ गाळली... आणि खाली बिरूचं पूर्ण नाव घालून पाठवून दिलं.