लॉन्झो मेफील्डला ताप नव्हता

लॉन्झो मेफील्डला त्या आठवड्यात ताप नव्हता. साधी शिंकसुद्धा आली नव्हती. साडेसहा फूट उंच, धडधाकट गडी होस्टेलच्या खोलीत बॅग भरून तयार बसला होता. तरीही कोल्टर गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो मान हलवत सांगेल, "अरेरे, पोराला नेमका तेव्हाच ताप भरला!" लोकांच्या जिभेला हाड नसतं, दुसरं काय!

झालं होतं ते असं. गावातल्या लॅनफर्ड कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ त्या वर्षी लीगमध्ये पहिला आला आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कोच हार्लन ड्रायर लॉन्झोच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "हे बघ, तिकडचे लोक काळ्या पोराला कोर्टवर उतरू देत नाहीत. तू आलास तर सगळ्यांनाच परत पाठवतील. तू समजूतदार आहेस." एवढं बोलून तो गेला. पेपरवाल्यांना मात्र त्याने सांगितलं, मेफील्डला ताप आहे.

संघ जिंकून आला. कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यात मोठा कप घेऊन आला! लॉन्झोच्या चर्चमधल्या बायका त्याच्यासाठी चिकन-नूडल्सचं सूप घेऊन आल्या, कपाळाला हात लावून बघायला लागल्या. त्याने ते सूप मुकाट्याने गिळलं. बोलला असता तर शिष्यवृत्ती गेली असती, आणि घरी बाप दगडाच्या खाणीत पाठ मोडून घेत होता. कॉलेजने पुढे संघाचा इतिहास छापला, त्यातही तेच आलं, मेफील्ड आजारी असल्याने खेळू शकला नाही. आपल्याच संघाच्या इतिहासात हा माणूस अंथरुणात पडून राहिला तो कायमचा.

शिकून तो गावातच पोस्टमन झाला. अर्नेटाशी लग्न केलं, दोन पोरी झाल्या, घर झालं. चांगलं चाललं होतं हो! पण कोच ड्रायरचं घर नेमकं त्याच्याच वाटेवर होतं. हिवाळ्यात ड्रायरकडे पाहुणे असले, आणि लॉन्झो टपाल घेऊन फाटकाशी आला, की म्हातारा व्हरांड्यातून हाक मारायचा, "काय रे लॉन्झो, उतरला का ताप?" पाहुणे खोखो हसायचे. त्यांना काय माहीत! लॉन्झोही हसायचा, आणि पुढच्या घरापर्यंत दातओठ खात जायचा.

म्हणून तो संध्याकाळी रेफरीचं काम करायला लागला. लोकांना वाटलं, खेळाचं प्रेम. प्रेम कसलं डोंबलाचं! त्या लाकडी कोर्टवर हार्लन ड्रायरला ज्याचं निमूट ऐकावं लागतं असा एकच माणूस असतो, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी असते. लॉन्झोने खेळाचे नियम घोटून घोटून पाठ केले. पण आपल्या जुन्या कॉलेजचा सामना रेफरीला मिळत नाही, ही लीगची पद्धत. वर्षामागून वर्षं तो इतरांच्याच सामन्यांत शिट्ट्या फुंकत राहिला.

"सोड ना आता," अर्नेटा म्हणायची. "म्हातारा आपल्या मरणाने मरेल."

"मरू दे की. पण त्याआधी एकदा माझ्या शिट्टीखाली येऊ दे."

"देवा रे! चर्चमध्ये हेच मागतोस होय तू?"

"दर रविवारी," लॉन्झो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

आणि एका वर्षी देवाने ऐकलं. ड्रायरचा तो शेवटचा मोसम होता. नव्या जिमला त्याचं नाव द्यायचं घाटत होतं. ओकहिल कॉलेजशी अंतिम सामना, स्टँड खचाखच भरलेले, आणि बाहेर तुफान बर्फ. नेमलेल्या रेफरीची गाडी वाटेत खड्ड्यात गेली. आयत्या वेळी गावात एकच रेफरी होता. ओकहिलचा कोच कुरकुरला, पण करतो काय! ड्रायरने मात्र लॉन्झोच्या पाठीवर थाप मारली. "असू दे, असू दे! आपलाच माणूस आहे तो."

लॉन्झोने सामना असा चालवला की बोट ठेवायला जागा नाही. त्याला वाकडं काही करायचंच नव्हतं. खोटी शिट्टी फुंकून घेतलेला सूड त्याला नको होता, ड्रायरच्याच चुकीने ड्रायर बुडायला हवा होता. पण म्हातारा चूक करेना. लॅनफर्ड एका गुणाने पुढे, घड्याळात जेमतेम काही सेकंद, आणि लॉन्झोचा जीव वरखाली होत होता. निसटतोय, म्हातारा याही वेळी निसटतोय!

तेवढ्यात ओकहिलच्या दोघांनी लॅनफर्डच्या सेड्रिक बूनला कोपऱ्यात कोंडलं. सेड्रिक पहिल्या वर्षाचा काळा पोरगा, संघातला सगळ्यात चपळ. हातात बॉल, पण टाकणार कुणाकडे? बाकाजवळून ड्रायर ओरडला, "टाइम-आउट! टाइम-आउट माग!" लॉन्झो म्हाताऱ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. सेड्रिकने कोचचं ऐकून हाताने खूण केली.

खेळ थांबवायला मोजकेच टाइम-आउट मिळतात, आणि लॅनफर्डचे केव्हाच संपले होते.

अशा वेळी रेफरी लोकांची एक रीत असते. शिल्लक नसलेला टाइम-आउट मागितला की दंड होतो, समोरच्याला दोन फ्री थ्रो आणि वर बॉल. एवढ्यासाठी अख्खा मोसम बुडवायचा नाही म्हणून बरेच जण छताकडे बघतात, ऐकू आलंच नाही असं दाखवतात. ड्रायरला आपली चूक कळली. त्याने लॉन्झोकडे बघून हळूच डोळा मारला.

लॉन्झोने शिट्टी फुंकली. इतक्या जोरात, की वरच्या रांगेतली पोरं दचकली.

दोन्ही फ्री थ्रो आत गेले. लॅनफर्ड एका गुणाने हरलं. स्टँडमधून शिव्या, पेपरचे बोळे, काय काय येऊन पडलं. लॉन्झोला त्याचं काही वाटलं नाही. त्याला बरं वाटत होतं, अगदी पोटातून बरं वाटत होतं, आणि ते लपवायची त्याला गरजही वाटली नाही.

कपडे बदलून तो जिमच्या मागच्या पॅसेजमधून निघाला, तर तिथे पेपरवाल्यांच्या गराड्यात ड्रायर उभा. पलीकडच्या बाकावर सेड्रिक डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"मी कशाला टाइम-आउट मागेन?" ड्रायर सांगत होता. "संपलेत हे मला माहीत नाही? पोरगं घाबरलं. आपल्याच डोक्याने करून बसलं. जाऊ द्या, लहान आहे."

सेड्रिकने टॉवेल बाजूला केला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शिष्यवृत्तीवरचा पोरगा, बोलणार काय?

लॉन्झोचे पाय थांबले. शिट्टी त्याने ड्रायरवर फुंकली होती, आणि ती लागली होती या पोराला! रेफरीने पेपरवाल्यांशी बोलायचं नसतं. बोलला की शिट्टी गेली, कायमची. लॉन्झो गराड्यात घुसला.

"हा खोटं बोलतोय," तो म्हणाला. "हा ओरडला. मी शेजारी होतो, माझ्या कानांनी ऐकलं. पोराने कोचचं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा. माझं नाव घालून छापा. आणि जागा उरली तर हेही छापा, की मला ताप नव्हता. मला घरी ठेवलं होतं, माझ्या रंगामुळे."

मग पेनं चालायला लागली. ड्रायरचा चेहरा उतरला. त्याने लॉन्झोची बाही धरून त्याला बाजूला ओढलं.

"जिमवरचं नाव गेलं माझं!" तो दबक्या आवाजात खेकसला. "तीस वर्षं पोटात ठेवलंस? एका जुन्या गोष्टीसाठी?"

लॉन्झोने त्याची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली.

"जुनी कुठली, कोच? आत्ताच केलीत की पुन्हा."