नळातला माणूस

गल्लीत त्यांना सगळे नळवाले म्हणत. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी सकाळी दार वाजवून विचारी, "वॉशर आहे का हो?" वॉशर नसे. नळवाले नळ दुरुस्त करत नसत, नळांचे फोटो काढत. बावीस वर्षं, एकाच कंपनीत, कॅटलॉगसाठी. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ तीन महिने गळत होता. त्याच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत, कारण तो कॅटलॉगमध्ये नव्हता.

चकचकीत नळाचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. नळ म्हणजे वाकडा आरसा. समोर असेल ते सगळं तो दाखवतो: दिवे, छत, टेबल आणि मुख्य म्हणजे फोटोग्राफर, तोही पोट पुढे आलेला आणि वाटाण्याएवढ्या डोक्याचा. कंपनीत याला भूत म्हणत. "तेरा नंबरात भूत आहे," असं साहेब म्हणाले की तेरा नंबर पुन्हा. भूत घालवण्यासाठी नळवाले काळा सदरा आणि काळे हातमोजे घालत, नळ पांढऱ्या कापडाच्या तंबूत ठेवत आणि कापडाच्या भोकातून दुधाच्या बाटलीएवढी लेन्स आत सारत. एका नळाला अर्धा दिवस जाई. काही हजार नळ त्यांनी असे टिपले आणि त्यातल्या एकातही ते सापडत नाहीत. याबद्दल कंपनीने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

पुढे कंपनी नळ संगणकावरच काढून घेऊ लागली. संगणकातल्या नळासमोर कोणी उभंच नसतं, त्यामुळे भुताचा प्रश्न कायमचा मिटला. नळवाल्यांना गोदामावर देखरेखीला नेमलं. त्यांनी कुरकुर केली नाही. दुधाची बाटली कंपनीची होती, ती परत केली. कॅमेरा स्वतःचा होता, तो विकायचं ठरवलं. फोटो म्हटलं की आपल्याला आता मळमळतं, असं त्यांनी घरी जाहीर केलं.

"विका," बायको म्हणाली. "कपाटात चादरी मावत नाहीत."

ती मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवायची. दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या चुका पाहत राहायचं आणि अगदीच वेळ आली तर ब्रेकवर पाय ठेवायचा, अशी नोकरी. घरीही ती ब्रेक जपून वापरी. या वेळी मात्र तिचा पाय ब्रेकवर होता, फक्त दाबला नव्हता. लग्नाआधी हा माणूस रस्त्यात मधेच थांबून काहीही टिपायचा: उलटी ठेवलेली खुर्ची, एकमेकींत अडकलेल्या दोन छत्र्या. तिला भेटायला येताना एकदा त्याची बस चुकली होती, कारण थांब्यावरच्या बाकापेक्षा बाकाची सावली जास्त चांगली दिसत होती. त्या माणसाशी तिने लग्न केलं होतं. तो त्या पांढऱ्या तंबूत कुठेतरी राहून गेला. कॅमेराही गेला, तर तो परत येण्याची उरलीसुरली आशाही जाणार होती.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. दातांचे डॉक्टर. पेशंटच्या दातांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढायला त्यांना कॅमेरा हवा होता. रविवारी येऊन बघतो, म्हणाले. पण लेन्सशिवाय कॅमेरा दाखवणार कसा? म्हणून गुरुवारी नळवाले कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या जुन्या दोस्ताकडे गेले.

"काय नळोबा, रिटायर झालास म्हणे."

"बदली झाली."

"तेच ते." दुरुस्तीवाल्याने खणातून एक लेन्स काढून काउंटरवर ठेवली. जाड बिस्किटाएवढी. "ही लाव. काम झालं की आणून दे."

"ही लेन्स आहे की झाकण?"

"लेन्सच आहे, नावं ठेवू नकोस. झूम नाही. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे हो, आणि भिंत आडवी आली तर समाधान मान. आणि आधी चार फोटो काढून बघ कॅमेरा चालतोय का, नाहीतर तो डॉक्टर तुझेच दात उपटेल."

नळवाल्यांनी लेन्स लावली आणि समोर दिसला तो स्क्रू ड्रायव्हर धरलेला हात टिपला. त्याला एक सेकंद लागला. अर्ध्या दिवसातला बाकीचा वेळ कुठे घालवायचा, ते त्यांना कळेना.

कॅमेरा आता जाकिटाच्या खिशात मावत होता. शुक्रवारी तो गोदामात गेला. दुधाच्या बाटलीसमोर माणसं ताठ होतात. बिस्किटासमोर ती जांभई पुरी करतात. नळवाल्यांनी उभ्याने झोपणारा पहारेकरी टिपला, मग शिडीवर वाळत घातलेला सदरा, मग खोक्यांच्या फटीतून आलेलं ऊन. चार फोटो केव्हाच संपले होते.

"अजून चाचणीच?" बायकोने विचारलं.

"जुना कॅमेरा आहे. काही सांगता येत नाही."

शनिवारी सकाळी ते दूध आणायला गेले, ते सव्वा तासाने आले. दूध विसरले होते. बायकोने कोरा चहा केला आणि एवढ्या वाईट चहाला न शोभेल इतक्या समाधानाने प्यायली.

दुपारी ती गळत्या नळाखाली पातेलं घासत होती. दारात बनियनवर नळवाले.

"अहो, निदान केस तरी बांधू द्या."

"नको. हात चालू ठेव तसाच."

"पातेलं काळं आहे."

"ते मला कॅटलॉगमध्ये द्यायचं नाहीये."

रविवारी डॉक्टर आले. त्यांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, बटणं दाबली, मग पडद्यावर एकेक फोटो सरकवू लागले. पातेल्याच्या फोटोवर थांबले.

"वा. वहिनी ना? फोटो झकास आलाय. फक्त हे नळावर काय आहे? कोणीतरी मधे आलंय."

नळवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा डोळ्यांजवळ नेला. पांढरं बनियन, पुढे आलेलं पोट, वाटाण्याएवढं डोकं. बावीस वर्षांत फोटोत राहून गेलेलं पहिलं भूत, आणि काढताना त्यांना ते दिसलंसुद्धा नव्हतं. शेजारी बायकोचा ओला हात होता.

"हे पुसता येत असेल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतं. मला चांगलं येतं." नळवाल्यांनी कॅमेरा बंद केला. "डॉक्टर, राहू दे. कॅमेरा द्यायचा नाहीये."

"अहो, पण फोनवर तर तुम्ही नक्की म्हणालात!"

"तेव्हा चाचणी झाली नव्हती."

"म्हणजे काही बिघाड निघाला?"

"निघाला थोडा."

"बसा हो डॉक्टर," आतून बायको म्हणाली. "चहा घेऊन जा. आज दूध आहे."

डॉक्टरांनी चहा घेतला आणि जाता जाता नळवाल्यांची एक दाढ किडल्याचं सांगून फेरी अगदीच वाया जाऊ दिली नाही. लेन्स परत करायला नळवाले सोमवारी गेले, पण येताना ती कॅमेऱ्यावरच होती. गोदामाची नोकरी चालू आहे. चादरी अजून खुर्चीवर आहेत. स्वयंपाकघरातला नळही गळतोच आहे. वॉशर आणायला ते आतापर्यंत तीनदा बाहेर पडले आणि तिन्ही वेळा फोटो घेऊन परत आले.