मंदाताईचा खड्डा

हार्डवेअरच्या दुकानात सुट्या खिळ्यांचा एक डबा असतो. पुडी फुटते, गिऱ्हाईक उरलेले परत आणतं, सगळं त्यात पडतं. किश्शांचंही तसंच. डबा कधी भरला ते कळत नाही! आजचे हे खिळे नव्वदच्या दशकातले, जुन्नरजवळ कुकडीकाठी उत्खननाचा कॅम्प होता तेव्हाचे. सुतळी, घमेली, फावडी, सगळं माझ्याच दुकानातून जायचं.

*

एके दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक मुलगी आली. "दोन इंची ब्रश द्या."

"ऑइलपेंटला का डिस्टेंपरला?"

"रंग नाय द्यायचा काका. माती झाडायचीय."

"माती झाडल्यावर खाली काय निघतं?"

"माती!"

ही मंदा. शिनोलीची. मानवशास्त्रात एम.ए. होऊन पहिल्यांदाच उत्खननाच्या कामाला लागलेली, तेही एका हंगामापुरतं.

*

माझ्याकडं एसटीडी होता. मंदाताई दर रविवारी घरी फोन करायची. शिनोलीत फोन शेजारच्या गिरणीत. "आईला बोलवा," एवढंच म्हणायची. वडील, म्हणजे तिचे आबा, रिटायर्ड गुरुजी. पोरीनं मास्तरकी नाकारली म्हणून त्यांनी बोलणंच टाकलेलं. "खड्डेच खणायचे होते, तर एवढी शिकली कशाला?" हे त्यांचं शेवटचं वाक्य.

"एकदा येऊन माझा खड्डा बघायला पाहिजे त्यांनी," ती म्हणायची. "बुजवायच्या आत."

*

एकदा तिनं मजूर बायांना काळे दाणे दाखवले. "हे धान्य हजारो वर्षांपूर्वी करपलंय."

त्यातली हौसाबाई वारूळवाडीची, तोंडाळ. दाणे निरखून म्हणाली, "म्हंजी तवाबी सासूनं ऐकवलं असंल!"

*

पुढं मंदाताईच्या खड्ड्यात अख्ख्या घराची जमीन लागली. भोवती खांबांच्या भोकांचं कडं दिसत होतं, पूर्वेला दाराएवढी जागा मोकळी. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मोठे सर फोटो काढायला येणार. सकाळी बघतात तर काय, जमीन शेणानं सारवलेली! हौसाबाईनं वर रांगोळीचं बोटही ओढलं होतं.

मंदाताई ब्रश घेऊन धावली.

"आगं, पावणं यायचं व्हतं नव्हं!" हौसाबाई म्हणाली. "आन् जमीन तशीच ठिवायची व्हय?"

सर आले, वाकून रांगोळी बघितली. मग म्हणाले, "या घराला इतक्या वर्षांनी बाई मिळाली. फोटो असाच एक काढा."

मग चार दिवस त्या दोघी ब्रशनं शेण काढत बसल्या.

*

त्याच जमिनीखाली दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं. कॅम्पात हाडं शिकलेली मंदाताई एकटीच, म्हणून काम तिच्याकडं आलं. संध्याकाळी दुकानात आली, पण फोनला हात लावला नाही. "काका, तुम्ही सांगा आबांना. मला सापडलं म्हणावं."

मी शिनोलीला गेलो. गुरुजी ओट्यावर बसले होते. मंदाला सापडलं, एवढाच निरोप सांगितला.

"काय सापडलं?"

"लेकरू. घरातच पुरलेलं, जमिनीखाली."

गुरुजी उठून आत गेले. पाण्याचा तांब्या घेऊन आले, पण मला द्यायचा विसरून हातातच धरून बसले. "मंदाच्या आधी आम्हाला एक मुलगा होता, शेठ. सव्वा महिन्याचा. त्याला ओढ्याकाठी पुरला. पुढच्या पावसाळ्यात काठच वाहून गेला."

मग तांब्या माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "घरात ठेवलं त्यांनी. शहाणी माणसं."

खड्डा बुजवायचा दिवस मी सांगितला, पण येतो म्हणाले नाहीत. परत येऊन मी मंदाताईला सगळं सांगितलं. भाऊ होता हे तिला माहीतच नव्हतं.

*

शेवटच्या दिवशी खड्डा बुजवतात. त्याआधी तळाला आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची रीत. पुढं कुणी खणलं तर त्याला कळावं, इथं आधी माणसं येऊन गेली. मी दुकानाचं नाव छापलेली प्लास्टिकची पिशवी नेली होती. हजार वर्षांची फुकट जाहिरात!

बाया घमेली भरून काठावर उभ्या. तेवढ्यात बांधावरून गुरुजी येताना दिसले. धोतर, टोपी, हातात छत्री. मंदाताई खड्ड्यात होती. गुरुजी काठाशी आले, खाली बघत राहिले.

मग म्हणाले, "दार कुठून होतं?"

तिनं पूर्वेला बोट केलं.

शिडी त्यांच्या पायाशीच होती. पण गुरुजी सगळ्या खड्ड्याला वळसा घालून पूर्वेला गेले. चपला काढल्या. मी हात दिला, तसे खाली उतरले आणि त्या मोकळ्या जागेतून, डोकं लागेल म्हणून वाकावं तसे वाकून आत गेले.

मडकी निघाली होती तिथं बसले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून चांदीचा एक वाळा. दोन बोटंही जाणार नाहीत एवढा.

"हा चालेल का गं?"

मंदाताईनं जागा ब्रशनं झाडून दिली. मी पिशवी घडी करून खिशात घातली.

दोघं वर आल्यावर हौसाबाई घमेलं घेऊन पुढं झाली आणि मागच्या बायांना म्हणाली, "हळू टाका गं माती."