रांगेतला माझा डबा

"मावशी, हा ग्लॉकोमा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मी विचारलं, "मग चष्म्याचा नंबर किती आला?"

मी गेलेच होते चष्म्यासाठी. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालसुद्धा होत नाही. माझ्या डाव्या डोळ्याची नस बरीच सुकली होती.

"मोतीबिंदूसारखं काढता येतं ना?"

"नाही. जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते जपायचं. सकाळी आठला एक थेंब, संध्याकाळी आठला एक थेंब. रोज. आयुष्यभर."

हे मी मुद्दाम लिहून काढते आहे, कारण त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर माझ्यासारख्या पाच-सहा जणी बसल्या होत्या आणि सगळ्या चष्म्यासाठीच आल्या होत्या.

मी सिंधू. गावात मस्तगड भागात आमची पिठाची गिरणी आहे. मिस्टर गेल्यापासून बारा वर्षं मीच चालवते. आमच्याकडे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. बाया सकाळी ज्वारी-गव्हाचा डबा फळीवर ठेवून जातात आणि डब्याचा नंबर तोच त्यांचा नंबर. प्रत्येक डब्याच्या झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टाकलेलं असतं. ती नावं वाचत वाचत माझा दिवस जातो.

आजार कळला तोही या नावांमुळेच. एके दिवशी उजव्या डोळ्यात पीठ उडालं. तो डोळा मिटून मी डाव्या डोळ्याने समोरचं झाकण बघितलं. त्यावर 'शमीम शेख' असं लिहिलेलं आहे हे मला पाठ आहे. पण मला 'शमीम' दिसलं आणि पुढे धुरकट. मला वाटलं, याही डोळ्यात पीठ गेलं. दोन्ही डोळे धुतले, पुन्हा बघितलं. शेख काही सापडेनात. उजवा डोळा इतके दिवस दोघांचं काम एकटा करत होता आणि मला पत्ता नव्हता.

तपासण्या तीन झाल्या. टोनोमेट्री म्हणजे डोळ्याचा दाब मोजणं. फुस्स करून डोळ्यावर हवा येते आणि आपण दचकतो, बाकी काही नाही. दाब एकवीसपर्यंत ठीक समजतात, माझा डाव्याचा अठ्ठावीस निघाला. ओसीटी म्हणजे नसेचा फोटो. आणि तिसरी फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर किती उरलाय ते बघणं. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवायला लावतात, आत बारीक दिवे चमकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला नापास व्हायची लहानपणापासून भीती. दिवा दिसो न दिसो, मी आपली अंदाजाने दाबत राहिले. शेवटी तपासणारी मुलगी म्हणाली, "मावशी, मशीनला कळतंय. पुन्हा करू या, दिसल्यावरच दाबा." तुम्ही अशी चलाखी करू नका. वेळ दुप्पट लागतो आणि मान आखडते ती वेगळीच.

मी घरी आले. आंधळं होण्याची भीती काय असते ते मी सांगत बसत नाही. ती ज्याची त्याला कळते. मला एकच दिसत होतं, की मी फळीसमोर उभी आहे आणि सगळे डबे सारखेच आहेत.

माझी मुलगी मनीषा एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर आहे. सकाळी सातला स्कूटीवर जाते, थेंब टाकायला ती घरी नसते. आणि सकाळी आठ, संध्याकाळी आठ या गिरणीच्या नेमक्या गर्दीच्या वेळा. माझे हात पिठात. ती म्हणाली, "आई, हात लावायचं कामच न्हाई. तू फोनला नुसतं तोंडानं सांग, तो आठवण करून देतो."

मला ते फार आवडलं. फोनमधली बाई एका हाकेत 'ओ' देते, आमच्या गिऱ्हाइकांसारखं चार वेळा बोलवावं लागत नाही. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "आठ वाजता डोळ्यात औषध टाकायची आठवण कर." तिने एकदा केली आणि दुसऱ्या दिवसापासून गप्प. 'रोज' म्हणालेच नव्हते. मग 'रोज सकाळी आठ' आणि 'रोज रात्री आठ' असं दोनदा वेगवेगळं सांगितलं. गिरणी चालू असताना तिला काही ऐकू जात नाही, तेव्हा गिरणी थांबवून सांगायचं. सांगून झालं की उलट विचारायचं, "माझ्या कोणकोणत्या आठवणी आहेत?" ती वाचून दाखवते. हे एवढं शिकले आणि माझी कॉलर ताठ झाली.

दीड महिन्याने दाब बघायला बोलावलं होतं. मी निर्धास्त गेले. दाब निघाला सत्तावीस.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "थेंब बरोबर टाकता ना?"

"अगदी बराबर," मी म्हणाले. खोटं बोलत होते असं नाही. मला मनापासून तसं वाटत होतं.

"मग हे औषध तुम्हाला लागू पडत नाही. दुसरं वाढवावं लागेल. त्यानेही नाही उतरला तर ऑपरेशनचा विचार करू. बाटली आणलीय का?"

मी पिशवीतून बाटली काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली, कानाजवळ नेऊन हलवली आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, ही महिन्यात संपते. दीड महिना झाला, अजून निम्मी आहे."

शाळेतही माझा असा पचका झाला नव्हता. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध चालत नाही की टाकलंच जात नाही, हे मला कळायला हवं. नाहीतर मी तुम्हाला गरज नसलेलं ऑपरेशन सांगून बसेन. अजून सहा आठवडे देते. मग फील्ड टेस्ट पुन्हा करू. या वेळी नवी बाटली सुरू करा आणि रिकामी करून आणा."

परतताना रिक्षात मी मनाशी हिशेब मांडत होते. फोन तर रोज वाजत होता. मग थेंब गेले कुठे?

उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी, आणि दिलं ते शमीमआपांनी. त्या आमच्या गल्लीतल्या. शिवणकाम करतात, एक दिवसाआड दळण टाकतात आणि दळण होईपर्यंत बाकावर बसून गल्लीचं सगळं बघतात. सकाळचे आठ वाजले, फोन टिंग करून वाजला. गव्हाचं पायलीभर दळण चालू होतं. मी गिरणी थांबवली आणि फोनला म्हणाले, "दहा मिनिटांनी आठवण कर." आणि पुन्हा गिरणी लावली.

आपा हसायला लागल्या. "ताई, रोज तुम्ही हेच करून राह्यल्या. त्या फोनला गिऱ्हाईक समजून राह्यल्या तुम्ही. दहा मिनिटांत या, दहा मिनिटांत या. मंग तो आला की परत दहा मिनिटं."

मी तिथेच खाली बसले. बारा वर्षं मी दिवसातून पन्नास वेळा हेच म्हणते. जो येईल त्याला, "ठेवा, करते, दहा मिनिटांत या." आणि एकदा तसं म्हटलं की माझ्या मनात ते काम झाल्यातच जमा असतं, कारण आजवर कुणाचं दळण राहिलेलं नाही. मी त्या फोनमधल्या बाईलाही तेच सांगत होते. ती बिचारी दर दहा मिनिटांनी येत होती, आणि एखाद्या वेळी मी नुसतंच "हो, करते" म्हणाले की परत येत नव्हती.

"पन दळन न्हाई राह्यलं कधी कोणाचं," मी म्हणाले.

"कारन डबा तुमच्या डोळ्यासमोर असतो. फोनला डबा कुठंय? तुमचा बी डबा ठेवा रांगेत."

त्या सहज बोलून गेल्या, मी उठून घरात गेले. मनीषाच्या शाळेचा छोटा स्टीलचा डबा होता. त्यात बाटली आणि एक स्वच्छ रुमाल ठेवला आणि डबा फळीवर मांडला.

संध्याकाळी मनीषाने फोनचंही दुरुस्त करून दिलं. आठवण एकदाच टिंग करते, ती गिरणीच्या आवाजात कधी कधी बुडून जाते. अलार्म मात्र बंद करेपर्यंत बोंबलत राहतो. म्हणून आठवणी काढून टाकल्या आणि फोनला तोंडानेच दोन अलार्म लावायला सांगितले. वर घंटेऐवजी आपांचा आवाज भरून घेतला. आपांनी आधी आढेवेढे घेतले, मग फोन तोंडाशी धरून गल्लीत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सिंधूताई, तुमचा डबा आला, जल्दी पुढं घ्या."

आता आठ वाजले की आपांचा आवाज सुरू होतो, तो थांबायचं नाव घेत नाही. फळीजवळ जी कुणी असेल ती माझा छोटा डबा उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवते. मी गिरणी बंद करते, हात धुते, थेंब टाकते आणि डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून बसते. तसं दाबलं की औषध घशात न उतरता डोळ्यातच राहतं. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी तेही करत नव्हते. फोन बंद करायचा तो थेंब टाकून झाल्यावर, आधी नाही. हा नियम मनीषाचा.

पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ वैतागले. त्यांना ड्यूटीवर जायचं होतं. "आधी माझं टाका, मंग बसा डोळे धरून."

आपा बाकावरूनच म्हणाल्या, "भाऊ, रांग म्हनजे रांग. त्यांचा डबा आधी आला."

डबा फळीवर ठेवून ते थांबले. दोन दिवसांनी तेच घड्याळ बघून मला सांगत होते, "झाले दोन मिनटं, उघडा."

एका रविवारी अंबडला भावाकडे निघाले होते. एसटीला उशीर झाला आणि आठ वाजता मी बसमध्येच. पिशवीतून आपांचा आवाज सुरू झाला, "सिंधूताई, तुमचा डबा आला." सगळी बस मागे वळून बघायला लागली. खड्ड्यांतून थेंब डोळ्यात कुठला, तो कपाळावर पडला असता. म्हणून पुढचा थांबा येईपर्यंत मी तो आवाज तसाच चालू ठेवला. शेजारची बाई म्हणाली, "घ्या की हो डबा." मी घेतला, बस थांबल्यावर थेंब टाकला आणि तिला सगळी हकिगत सांगितली. अंबड येईपर्यंत आमची मैत्री झाली होती.

भावाला मात्र मी तपासणीसाठी ओढूनच आणलं. हा आजार घराण्यात उतरू शकतो, सख्ख्या भावंडांनी डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला बराबर दिसून राह्यलं की." मी म्हणाले, "मला बी बराबरच दिसत होतं." त्याचा दाब ठीक निघाला. देवाची कृपा.

सहा आठवड्यांनी मी गेले तेव्हा आधी रिकामी बाटली टेबलावर ठेवली, मागून दुसरी काढली, तीही अर्ध्यावर आलेली. डॉक्टरीणबाई हसल्या. हवा फुस्स झाली. दाब सतरा. फील्ड टेस्टला या खेपेला एकदाही बटण अंदाजाने दाबलं नाही. जे दिसलं नाही ते दिसलं नाही. अर्धा तास बाहेर बसवलं. तो अर्धा तास बारा वर्षांपेक्षा मोठा होता.

"काहीच वाढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आहे तिथेच थांबलंय. औषध छान चालतंय, ऑपरेशन सध्या नको. असंच चालू ठेवा."

मला रडू आलं. त्यांना सांगितलं, तुमच्यामुळे डोळा राहिला. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे नाही, तुम्ही टाकलेत म्हणून."

गिरणीत आले तेव्हा आपा वाट बघत बसलेल्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी माझा छोटा डबा हातात घेतला. "मंग आता याला घरात ठेवू का?"

"न्हाई आपा. हा जन्मभर रांगेत."

"जन्मभर रांगेत आहे तर बिननावाचा कशाला? नाव टाकून घ्या."

दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानात जाऊन झाकणावर नाव टाकून आणलं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांची नावं वाचली, आमच्या गिरणीत माझं नाव कशावरच नव्हतं. डबा फळीवर शमीमआपांच्या डब्याशेजारी ठेवला. उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने बघितलं.

आधी आपांच्या झाकणाकडे. 'शमीम' दिसलं, पुढे धुरकट. पहिल्या दिवशी दिसलं होतं तेवढंच, त्याहून एक ठिपकाही कमी नाही. मग माझ्या झाकणाकडे बघितलं. मी दुकानदाराला आडनाव टाकू नको म्हणून बजावलं होतं. दोनच अक्षरं, 'सिंधू'. ती अख्खी दिसली.