शेरा: आवाज नाही

"बाई, आमच्या पोरीला आवाज न्हाई, असं तुमीच लिवलंय का?"

शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. मी पेटीवर कापड घालत होते. दारात खोडदचे रमेशभाऊ उभे होते, सहावीतल्या सुजाताचे वडील. गवंडीकाम करायचे. हाताला सिमेंट तसंच होतं, म्हणजे काम अर्धं टाकून आले होते.

नारायणगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी संगीतशिक्षिका होते. नव्वदीच्या दशकाचा शेवट असेल. जुन्नरला तालुक्याची समूहगान स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती आणि आठजणांचा संघ मी नुकताच निवडला होता. निवडीची माझी पद्धत ठरलेली. एकेकाला बोलवायचं, गणपतीची आरती म्हणायला लावायची आणि रजिस्टरमध्ये नावापुढे शेरा लिहायचा. 'चांगला', 'बरा' किंवा 'आवाज नाही'. आरतीच का? तर ती सगळ्यांनाच येते. सगळ्यांना एकच गाणं, म्हणजे कुणावर अन्याय नको. या पद्धतीचा मला फार अभिमान होता, आणि स्टाफरूममध्ये तो मी बोलूनही दाखवायचे.

सुजाता पेटीसमोर आली तेव्हा खाली मान घालून उभी राहिली. दोनदा सांगितलं. ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही. मागे तीस पोरं ताटकळलेली. मी शेरा लिहिला आणि पुढचं नाव घेतलं.

"हो, मीच लिहिलंय," मी रमेशभाऊंना म्हटलं. "परीक्षा सगळ्यांची सारखीच घेतली, भाऊ. माझ्याकडे वशिला चालत नाही."

"वशिल्याला न्हाई आलो. आठ दिस झालं, पोरगी घरात गायची थांबलीय. आमची गायन पार्टी हाय. जयंतीला, लग्नाला, बारशाला गातो आमी. चार वरसाची व्हती तवापासून ही कोरसला बसती. आन् आता म्हणती, पप्पा, मला आवाजच न्हाई, बाईंनी लिवलंय."

"मग त्या दिवशी गायली का नाही?"

"काय गाणार? आमी बौद्ध. आमच्या घरात आरती व्हत न्हाई. तिनं ऐकली आसंल, पाठ न्हाई. तुमी तिचं पाठांतर बघितलं, बाई. आवाज कवा बघितला?"

खरं सांगते, आधी मला रागच आला. विशारद झालेल्या बाईला गवंड्यानं परीक्षा कशी घ्यायची ते शिकवावं? मग लक्षात आलं की बोचलं म्हणून राग येतोय. माणूस बरोबर बोलत होता. मला लाज वाटली.

सुजाता व्हरांड्यातच होती. तिला आत बोलावलं. पेटीवरचं कापड काढलं आणि काळी चार धरली. सप्तकातली ही चौथी काळी पट्टी. मुलींचा आवाज बहुतेक तिथे बसतो. तिथून चार सूर वाजवले. शब्द नाहीत, नुसता 'आ'.

"ऐकलंस तसं म्हण."

तिनं वडिलांकडे बघितलं आणि म्हटलं. चौथा सूर तिनं असा लावला की मी भाता मारायला विसरले. पेटी बंद पडली. पोरगी सूर धरून तशीच उभी होती.

सोमवारी मी हेडसरांकडे गेले.

"सर, निवड परत घेते. सगळ्यांची."

"संघ बोर्डावर लागलाय, बाई. पालकांना काय सांगू?"

"बाईंची चूक झाली असं सांगा."

"आणि त्या आठांतलं कुणी बाहेर गेलं तर?"

"तर जाईल."

हेडसर चष्मा पुसत बसले. त्यांचा भाचा मंगेश त्या आठांत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "घ्या," शेवटी ते म्हणाले. "पण मी दारात उभा राहणार."

राहिलेही. 'आवाज नाही' शेऱ्याची नऊ मुलं होती. बहुतेक बौद्ध घरांतली, एक वारूळवाडीची शबाना, एक वसतिगृहातला आदिवासी ठाकर मुलगा. त्यातली पाच खरोखरच बेसूर निघाली, त्याला इलाज नव्हता. चौघांचे आवाज मात्र स्वच्छ होते. मंगेशला आरती खणखणीत यायची, पण चार सुरांतले तीन त्यानं स्वतःच्या मनाचे लावले. मी हळूच दाराकडे बघितलं.

"आमच्या घराण्यातच आहे ते," हेडसर म्हणाले.

मंगेश तर खूश होता. "सुटलो, बाई! स्टेजवर उभं राहायचं मला नकोच होतं." पेटी उचलून जीपमध्ये ठेवायचं काम त्यानं आपण होऊन घेतलं.

जुन्नरला आमचा दुसरा नंबर आला. पहिला ज्यांचा आला ते खरंच चांगले गायले. आमच्या गाण्यातली वरच्या पट्टीतली ओळ सुजाता एकटी गायली आणि मागची पोरं गलका विसरून ऐकत राहिली. मला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवणाऱ्यांत मीच पहिली होते. रमेशभाऊ धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "लई भारी झालं, बाई. फकस्त तिसऱ्या कडव्याला लय वाढली व्हती."

वाढली होतीच. या वेळी राग आला नाही.

आवाज तपासायचा असेल तर आवाजच तपासावा. एवढं कळायला मला अकरा वर्षांची नोकरी लागली. त्या अकरा वर्षांची रजिस्टरं शाळेच्या कपाटात होती. ती उघडायचा धीर मला कधी झाला नाही.

पुढे काही वर्षांनी नारायणगावच्या स्टँडवर उभी होते. एक जीपवाला "मंचर, मंचर, मंचर" अशी हाळी देत होता. हायवेच्या सगळ्या हॉर्नांच्या वरून त्याचा आवाज येत होता, भरलेला आणि गोल. मी त्याच्याच जीपमध्ये पुढे बसले.

"बाई, वळखलं का? मी खोडदचा संजय, सुजाताच्या लई आधीचा. मला आवाज न्हाई म्हणून तुमीच लिवलं व्हतं की!" तो मनापासून हसत होता. मला काही हसता येईना.

"संजय, मी चार सूर म्हणते. ऐकलेस तसे म्हण."

"आता? पाशिंजर हायेत, बाई."

"असू देत."

मी म्हटले. त्यानं गिअरवर हात ठेवला, समोरच्या काचेतून बघत म्हटले आणि गाडी सुरू केली.

चारही बरोबर होते.