माझी बायको कॉलेजात बसली होती

माझं शिक्षण चौथीपर्यंत. बायकोचं तेवढंही नाही. तरी ती चांद्याच्या कॉलेजात वर्गात बसली होती, असं मी सांगितलं की सुट्टीत आलेली नातवंडं हसतात. ती होती तोवर हे ती स्वतःच सांगायची, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगायची. मागच्या पोळ्यानंतर ती गेली. आता घरात सांगणारा मीच, म्हणून लिहून ठेवतो.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. कॉलेज नवं होतं. मी तिथं चपराशी. टोल द्यायचा, खडू ठेवायचे, प्रोफेसरांना चहा आणायचा. बायको लेडीज रूमवर. लेडीज रूम म्हणजे एक कोंदट खोली, एक माठ, एक सतरंजी. मुली किती, तर त्या सतरंजीवर ऐसपैस मावतील एवढ्या. टोल झाला तरी त्यांनी आपल्या आपण वर्गात जायचं नाही. प्रोफेसर त्यांच्या दारावरून जाणार, मग त्यांच्या मागं मुली निघणार. तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागं परत. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. मला त्याची गंमत वाटायची. बायकोला वाटायची नाही.

"अजी, ह्या पोरी आंधळ्या हायेत का? वर्ग समोर दिसून राह्यला, अन् हात धराले माणूस पायजे?"

त्यातल्या एका मुलीनं नागरिकशास्त्र घेतलं. बाकी कोणा मुलीनं घेतलं नव्हतं. ते शिकवणारे प्रोफेसर नागपूरचे, तरुण, बिनलग्नाचे. एकट्या मुलीला मागं घेऊन व्हरांड्यातून चालले की पोट्टे शिट्या मारत. एकदा भिंतीवर कोळशानं दोघांचं चित्र काढलं, ते मीच पुसलं. त्यानंतर प्रोफेसर लेडीज रूमकडं न फिरकता सरळ वर्गात जाऊ लागले. मुलगी दारात उभी राहायची. तास होऊन जायचा.

तिला एकटीला आत जाता येत नव्हतं, त्याला कारण तिचा भाऊ. आईबाप नव्हते. भाऊ माजरीच्या खाणीत कामाला, तिचा खर्च तोच करायचा. त्यानं तिला कॉलेजात घातलं तेव्हा माझ्या देखतच बजावलं होतं, "पोट्ट्यायच्या वर्गात मास्तरच्या मागंच जायचं, एकटी जाऊन बसायची नाई. बसली असं आयकलं, का दुसऱ्या दिवशी सामान बांधून माजरीले."

शेवटी ती प्रिन्सिपॉल साहेबांकडं गेली. ते म्हणाले, लेडीज रूमवरची बाई सोबत जाऊ दे, ती आत बसेल. अशी माझी बायको कॉलेजात गेली.

पहिल्या दिवशी ती खाली फरशीवर बसली. मुलीनं हात धरून बाकावर ओढली. मागून एक पोट्टा ओरडला, "मावशी, रोल नंबर किती?"

"नापास झालेल्यायच्या खाली लिव. तुझ्या बाजूलेच येईन."

तो पोट्टा खरंच नापास झालेला होता. वर्ग हसला. मी खिडकीबाहेर होतो, मीही हसलो.

मग रोज संध्याकाळी आमच्या घरी शाळा. ती विळीवर मासोळी चिरायची आणि मी चुलीपुढं बसून विचारायचो, आज काय झालं? मला फार उत्सुकता. कॉलेजात एवढी वर्षं टोल दिले, पण दोन टोलांच्या मधे आत काय चालतं ते मला कुठं ठाऊक होतं?

"सरकार म्हंजे कोन, मालूम हाये?" ती एकदा म्हणाली.

"तहसीलदार."

"नाई. तुमी अन् मी."

"मंग माहा पगार काऊन नाई वाढवत तू?"

"अर्ज करा," ती म्हणाली आणि मासोळीचं डोकं माझ्याकडं सरकवलं.

ती कोळ्याघरची. तिच्या बापाचा गावच्या तळ्यात मासेमारीचा हिस्सा होता. बाप मेला आणि हिस्सा भावांना गेला. एक दिवस प्रोफेसर बापाच्या मिळकतीत मुलींचा हक्क, नवे कायदे, असं काही सांगत होते. ही बाकावरून उठली.

"सायेब, जाळे मीबी विणले. बजारात मासोळ्या मीच इकल्या. मंग तळ्यातला हिस्सा मले काऊन नाई?"

पोट्टे बाकं बडवायला लागले. प्रोफेसरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. म्हणाले, "बाई, मला ठाऊक नाही. पाहून सांगतो." माणूस सरळ होता. पण गोष्ट वर गेली. प्रिन्सिपॉल साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुमची बायको सोबतीला ठेवली होती, शिकायला नाही. उद्यापासून ती वर्गात बसणार नाही."

बायकोनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. लेडीज रूममधे ती मुलीला म्हणाली, "माह्या तोंडानं तुझी शाळा बुडवली, पोरी."

मुलगी म्हणाली, "मावशी, मी इतके महिने पुढच्या बाकावर बसून एकदाही तोंड उघडलं नाही. तुम्ही तरी उघडलं."

दुसऱ्या दिवशी मी टोल दिला. मुलगी लेडीज रूममधून निघाली, व्हरांडा ओलांडला आणि प्रोफेसरांच्या आधी एकटी आत जाऊन बसली. शिट्या वाजल्या. तिनं वही उघडली. बायको दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली. तिथं उभं राहायला मनाई नव्हती.

हे माजरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. भाऊ गाडीनं आला तो सरळ माझ्यापुढं.

"ती एकटी बसते?"

मला खोटं जमत नाही. "बसते," मी म्हणालो.

"सामान कुठी हाये तिचं?"

मी काही बोलायच्या आत बायको पुढं झाली. "भाऊ, सामान मंग बांधा. आदी आत बसून पाहा, कशी बसते ते."

तो बावचळला. "मी? मले का लिवता येते?"

"मलेबी नाई येत."

मी प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, बसू द्या मागं. भाऊ चपला बाहेर काढून आत गेला आणि शेवटच्या बाकावर गुडघे जोडून बसला. आम्ही दोघं बाहेर उभे. बायको पदराचं टोक चावत होती. ते ती घाबरली की करायची.

तास सुटल्यावर तो बाहेर आला.

"का शिकवलं?" बायकोनं विचारलं.

"काई समजलं नाई." तो चपला शोधत होता. "पन तिले समजून राह्यलं. लिवूनच राह्यली होती. हात वर करून कायतरी पुसलंबी."

"पोट्टे हासले?"

"एक हासला. मी पायलं त्याच्याकडं."

"अन् सामान?"

"राहू द्या तिथीच," तो म्हणाला. बहिणीशी न बोलताच स्टेशनकडं निघाला.

बायको किती तरी वेळ त्याच्या पाठीकडं पाहत राहिली. मला वाटलं आनंदात असेल. होतीच. पण मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अजी, त्याले विचारल्याबरोबर आत बसू देल्लं. मले काऊन नाई?"

मी टोल द्यायला गेलो. ती पुढंही मधूनमधून विचारायची, जेवताना, अगदी पोरांची लग्नं झाल्यावरसुद्धा. मी म्हणायचो, जेव आता. आता ताट एकच असतं आणि विचारणारं कोणी नाही.