शेवंताचा नंबर

समतेपायी माणसाला किती हैराण करता येतं, हे ज्याला बघायचं असेल त्यानं आमच्या मोठ्या गुरुजींच्या हाताखाली एक वर्ष नोकरी करायला हवी होती. मी केली. निघोज्याच्या अलीकडच्या एका वाडीत आमची दोन मास्तरांची शाळा होती. ते मोठे गुरुजी आणि मी बाई. त्या बाजूला तेव्हा कारखाने नव्हते, कामाला जाणारी माणसं पहाटे सायकली हाणत चिंचवड गाठायची.

गुरुजींकडे प्रत्येक गोष्टीला नंबर असायचा. घंटा वाजवायचा नंबर, फळा पुसायचा नंबर, वर्ग झाडायचा नंबर, आणि त्यात त्यांचा स्वतःचाही. केरसुणी घेऊन ते वाकले की वाडीतली म्हातारी माणसं लाजून तोंड फिरवायची. शाळेत खुर्ची एकच, तिलाही नंबर. एकदा तपासणीला साहेब आले, खुर्चीत टेकले. घटकाभरानं गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, उठता का? आता बाईंचा नंबर आहे." साहेब उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसले, आणि साहेब खिडकीला टेकून माझा पाठ ऐकत राहिले. शेरा काय आला ते विचारू नका. प्रतिज्ञेच्या वेळी तर कहरच. बांधवांपर्यंत आलं की गुरुजी हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि शेजारच्याच्या तोंडाकडे बघायला लावायचे. जागा दर सोमवारी बदलायच्या, म्हणून दर सोमवारी नवं तोंड. पाटलाचं पोर आणि सायकलवाल्या मुलाण्याचं पोर एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायची, प्रतिज्ञा अर्ध्यात राहायची आणि गुरुजींना त्याचाच आनंद. घरीही तीच तऱ्हा. वहिनी म्हणायच्या, यांचा भाकरीचा नंबर असला की मी शेजारी आधीच सांगून ठेवते.

वाढायचा नंबर मात्र मोठा मानाचा, आणि तो फक्त चौथीला. मधल्या सुट्टीत सरकारी गव्हाचं उप्पीट मिळायचं, ते एकानं सगळ्यांना वाढायचं. त्या वर्षी चौथीत बौद्धवाड्यातली एकच मुलगी होती, शेवंता. बाप चिंचवडला कंपनीत, शिफ्टला. दिवाळीनंतर नाव घातलं म्हणून यादीत ती शेवटची. तिचा नंबर आला तो नेमका नव्या खोलीच्या उद्घाटनाच्या दिवशी. सरपंच, पंच आणि चार पाहुणे मुलांच्या पंगतीत बसणार होते. सगळ्यांना सारखं पडावं म्हणून पोरगी आठवडाभर घरी राखेवर डाव चालवून सराव करत होती. त्या दिवशी लाल रिबिनी बांधून आली.

सकाळीच एक पंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आजच्या दिस तेवढं बघा. रोजचं येगळं. आज पाव्हणे हायेत." काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कळलं होतं. माझी नोकरी नवी, राहायची खोली त्यांच्याच चुलत्याची. पंगत बसायच्या बेताला मी शेवंताच्या हातात माझ्या बिऱ्हाडाची किल्ली दिली आणि पानाचं तबक आणायला वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. बाईंनी आपल्यालाच काम सांगितलं म्हणून ती पळतच गेली.

मला वाटलं, गुरुजी दुसऱ्या कुणाला उभं करतील. कसलं काय! नंबर शेवंताचा आहे, येईल ती, म्हणून त्यांनी उप्पिटावर झाकण ठेवलं. ताटल्या रिकाम्या, पाहुणे मांडी घालून. वेळ जावा म्हणून गुरुजींनी पंगतीला पाढे म्हणायला लावले, आणि पाढ्यांनाही नंबर! एक बागायतदार पाहुणे पावकीत अडकले. सरपंचांनी एकोणतीसचा पाढा असा काही म्हटला की पहिलीची पोरं हसून लोळली.

तेवढ्यात शेवंता धापा टाकत आली. सगळी शाळा आपल्यासाठी खोळंबलीय, हे तिनं पाहिलं. गुरुजींनी डाव पुढे केला. तिनं तो घेतला, आणि त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, वाढू मी?"

मी सरपंचांकडे बघितलं. एवढंच केलं मी. पण नऊ वर्षांच्या पोरीला तेवढं पुरलं. तिनं डाव झाकणावर ठेवला, माझा हात दुखतोय म्हणाली आणि ओळीत जाऊन बसली.

गुरुजींनी दुसऱ्या कुणाचं नाव पुकारलंच नाही. पाहुणे चहा घेऊन गेले, पोरांनी आपापल्या हातानं घेतलं. आता गुरुजी मला फाडून खाणार, असं वाटलं होतं. त्यांनी केरसुणी उचलली आणि पंगतीची जागा झाडायला घेतली. मे महिन्यात त्यांची बदली झाली, लांब मुळशीच्या डोंगरात. बैलगाडीत सामान चढत असताना मी रडत रडत त्यांची माफी मागितली.

"माझ्याकडं कशाला मागता, बाई?" ते म्हणाले. "माझं काय गेलं? तिच्याकडं जा. पण लवकर जा, पोरं फार दिवस थांबत नाहीत."

मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिले. कुठल्या तोंडानं जायचं तेच सुचेना. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेवंताचं बिऱ्हाड पिंपरीला गेलं होतं. गुरुजींना मी कधी पत्र टाकलं नाही. गेलात का, असं त्यांनी विचारलं असतं. पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं मी त्यांच्यासारखेच नंबर लावले, लोकांची बोलणी खाल्ली, थोडं कौतुकही झालं. पण अजूनही लग्नाच्या पंगतीत एखादी मुलगी समोर येऊन "वाढू का?" म्हणाली, की मी आजूबाजूला कुणाकडेही बघत नाही. मी नुसतं ताट पुढे करते.